ती सही माझी न्हवं

हिरवा गाऊन घालून मी खाटंवर बसलेली, हाताला सुई टोचलेली, पोटात बाळ नुसतं लाथा मारत हुतं, आनि सिस्टर येऊन म्हनाली, "सही झालीया तुमची. आता बांगड्या, जोडवी काय असतील ती काढून घरच्यांकडं द्या."

मी म्हटलं, "सही? मी कवा केली सही?"

तिनं फायल माझ्याकडं फिरवली. छापील कागद हुता, मराठीतला. खाली दोन रेघा. एका रेघंवर मालकांचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं नाव, दुसऱ्या रेघंवर माझं. दोन्ही एकाच पेनानं, एकाच हातानं. मालकांचं अक्षर मी वळखते की, सगळी अक्षरं एका अंगावर कलंडलेली असत्यात, वाऱ्यात पडलेल्या उसागत. वर लिहिलं हुतं, मला सगळं समजावून सांगितलंय, माझ्या भाषेत मला कळलंय, आनि बाळाभवतीचं पानी कमी झाल्यानं मी राजीखुशीनं ऑपरेशनला तयार हाय.

मला कुनी काय समजावलं न्हवतं. आनि पानी बी कमी झालं न्हवतं. चार दिवसामागंच सोनोग्राफीवाल्यानं माझ्या तोंडावर सांगितलंतं, पानी चांगलं हाय म्हनून. मला कापायचं कारन पानी न्हवतंच, नक्षत्र हुतं.

आता ह्याला सहा-सात म्हैनं झालं, पोरगी माझ्या मांडीवर हाय, तरी बी ते आठवलं की मी तिला घट्ट धरते. भ्यानं का रागानं, माझं मलाच कळत न्हाई. पन मागचं सांगितल्याशिवाय ते कळायचं न्हाई कुनाला, म्हनून सांगते.

मी कबनूरची. नववीपतूर शिकले, मग आई आजारी पडली आनि मी मागावरच्या सुताच्या कांड्या भरायला लागले. मागाच्या खडखडाटात मोठी झाले म्हनून बोलायचं तर मोठ्यानंच बोलायची सवय. लगीन झालं ते शिरोळकडं, ऊसवाल्या घरात. तितं मोठ्यानं बोललं की आत्ती म्हनायच्या, "अगं, इतं माग न्हाईत, म्हशी हायत. म्हशीला ऐकू येतंय." आमच्यात सासूला आत्ती म्हनत्यात. मग मी हळू बोलायला शिकले. इतकी हळू की नंतर नंतर माझं बोलनं आत्तीच बोलायच्या.

त्या घरात अडचन आली की चार दिवस बाहेर बसायचं. चुलीकडं जायचं न्हाई, देवाकडं जायचं न्हाई, लोनच्याच्या बरनीकडं बघायचं बी न्हाई. आनि आत्ती ते सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवायच्या. थोरल्या जावंची फुली, माझा टिंब. का, तर कुठलं लगीन, कुठली पूजा आली की आदीच कळावं, कोन मोकळी आनि कोन न्हाई. माझ्या अंगातलं काय कवा होतंय ते भिंतीवर, येनाऱ्या-जानाऱ्याच्या डोळ्यासमोर. पयल्या वर्साला मला लाज वाटायची, मग सवय झाली. सवय झाली ह्याचा आता जास्त राग येतोय.

लग्नाला दोन वर्सं झाली, पोर न्हाई. आत्तींनी ठरवलं, नृसिंहवाडीला जायचं, दत्ताच्या म्होरं नारळ ठेवायचा. आनि येताना कबनूरला उतरून मला दोन दिवस म्हायारी सोडायचं. आईला बघून चार म्हैनं झालंतं. गाडी सांगितली, डबा बांधला, आनि निघायच्या दिवशी सकाळी मला अडचन आली.

सांगितलं असतं तर गाडी मला सोडून गेली असती. मी सांगितलं न्हाई. साडी घट्ट नेसले आनि गाडीत बसले. वाडीला घाट उतरले, पानी डोक्याला लावलं, पादुकांचं दर्शन घेतलं, आत्तींनी दिलेला नारळ ह्याच हातानं ठेवला. वाटायचं, आता काय तरी हुनार, पाय घसरनार, न्हाईतर कुनी तरी ओरडनार. काय झालं न्हाई. बासुंदी खाल्ली आनि कबनूरला आलो. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले, आई म्हनाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काय न्हाई, लई दिवसांनी आले."

कॅलेंडरात त्या म्हैन्याचा टिंब पडलाच न्हाई. आत्ती खूस. म्हैनाभरानं खरंच पाळी चुकली, दवाखान्यात नेलं, दिवस गेलेलं निघालं. घरात पेढं वाटलं. आत्ती सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, "वाडीला जायाच्या आदीच दत्तानं हाक ऐकली बगा."

कोल्हापुरातला मोठा खाजगी दवाखाना. डॉक्टरीन बाईंनी मला इचारलं, "शेवटची पाळी कधी?" आनि मी तोंड उघडायच्या आत आत्तींनी मोबाईल काढला, कॅलेंडराचा फोटो काढून आनलता, टिंब दाखवला. बाईंनी लिहून घेतलं. म्हंजी एक म्हैना आदीची तारीख. मी गप. सांगायचं तर काय सांगायचं? अडचनीत देवाला शिवले म्हनून?

पन मशीन गप बसलं न्हाई. पयल्याच सोनोग्राफीला तो डॉक्टर म्हनाला, "तारखेत फरक येतोय, तुमच्या मॅडमना दाखवा." कागद इंग्रजीत हुता पन आकडं तर मला वाचता येत्यात की. बाळंतपनाच्या दोन तारखा हुत्या. वरची आत्तींची, खालची मशीनची. दोन्हीत चार आठवड्यांचा फरक. खालची खरी. एवढुसा जीव, त्यानं पोटातनं आपली तारीख बरोबर सांगितलती. मला वाटलं, चला, सुटले, बाई बघतील आनि मला काय बोलायला लागायचं न्हाई.

बाईंनी कागद बघितला, फायलीत लावला आनि म्हनाल्या, "बाळ बारीक दिसतंय. खायला घाला."

मग काय इचारू नका. डिंकाचं लाडू, तूप, दूध, अंडी, खिमट. उलटी झाली की परत लाडू. आत्ती पोटावर हात ठेवून म्हनायच्या, "अगं, पोटात पोर हाय का लिंबू? तुझ्या आईनं तुला उपाशी वाढवली, त्येचं फळ हाय हे." बाळ बारीक न्हवतं. बाळ त्येच्या वयाएवढंच हुतं. आईचं नाव काढलं तरी मी बोलले न्हाई, लाडू गिळले. माझी चूक ती. मी कबूल करते. पन माझी चूक लपवायची हुती, आनि बाईंच्या म्होरं तर कागद उघडा पडलावता. त्यांना वाचायला काय झालंतं? त्यांची तर नववीत शाळा सुटली न्हवती.

सातवा सरला आनि नवीनच निघालं. मामांना, म्हंजी माझ्या सासऱ्यांना, मागल्या वर्सी ॲटॅक आलता, छातीत स्प्रिंग बसवलीया. आत्ती गावातल्या जोशीबुवांकडं गेल्या, फायलीतली बाळंतपनाची तारीख घेऊन. बुवांनी पंचांग उघडलं आनि म्हनालं, त्या दिवशी मूळ नक्षत्र येतंय. मुळावर पोर आलं तर घरातल्या कर्त्या मानसाला जड.

झालं. घरात कुनाला झोप न्हाई. मामा जेवायचं सोडून पोटाकडं बघायला लागलं, माझ्या पोटाकडं. जनू मी त्येंच्यासाठी आत काय तरी हत्यार लपवलंय. मी एकदा मालकांना म्हटलं, "अवो, दिलेल्या तारखेलाच पोर येतंय असं कुठं असतंय? एस्टी हाय व्हय ती? एस्टी बी येत न्हाई येळंवर." ते हसलं. मग म्हनालं, "अगं, आईच्या समाधानासाठी. त्येच्या आदी अकरा दिवस गुरुपुष्य येतंय. लई चांगला मुहूर्त हाय. डॉक्टर व्हय म्हनल्यात."

डॉक्टर व्हय म्हनल्यात! कुनाला इचारून व्हय म्हनल्या? मुहूर्त बुवांचा, समाधान आत्तींचं, जीव मामांचा, आनि पोट माझं. आनि माझ्या हिशेबानं बाळाला अजून पाच आठवड्यांच्या वर पायजे हुतं. रात गेली की दिवस मोजायची, दिवस गेला की रात. सांगू का नको, सांगू का नको. आमच्या गल्लीत एका बाईचं पोर असंच लवकर झालतं, काचंच्या पेटीत ठेवलंतं, त्येला श्वासच घ्यायला येत न्हवता, छाती नुसती आत जायची. ते पोर मी बघितलेलं. तेच डोळ्यासमोर. तरी बी बोलायची छाती झाली न्हाई. मला वाटायचं, मोठ्या डॉक्टर हायत, ऐन येळंला कागद बघतील.

गुरुपुष्याच्या सकाळी दवाखान्यात गेलो तर वार्डात आमी चौघी, आनि चौघींची येळ ठरवून आनलेली. गिरनीत दळपाचा नंबर लागावा तसं. एका पोरीचा सासरा आमच्या मामांबरं भांडत हुता, "पावणं, नऊ-वीस आमाला सांगितलंय, तुमी नऊ-चाळीस घ्या." मामा म्हनालं, "नऊ-चाळीसला काय झालं? तुमीच घ्या की. आमाला बुवांनी लिहून दिलंय." आनि ती पोरगी आनि मी समोरासमोर खाटंवर, दोघींच्या हातात सुया, एकमेकीकडं बघत बसलेल्या. तिच्या डोळ्यात बी पानी हुतं. तिला बी कुनी इचारलं नसंल.

तवाच ती सिस्टर सही झाली म्हनून सांगाय आली, आनि मी माझ्या नावाम्होरची ती कलंडलेली अक्षरं बघितली.

मला वाटतं, आत्तींनी कापा म्हटलं ते मी सोसलं असतं. मामांसाठी हाय म्हटल्यावर कदाचित तोंड बी उघडलं नसतं, एवढी मी भित्री. पन कागदावर मीच बोलल्यागत लिहिलंतं. 'मला समजलंय. मी राजीखुशीनं.' उद्या पोराला काय झालं असतं तर हाच कागद दाखवून म्हनलं असतं, बघा, आईनंच सही दिलीया.

सिस्टर पुढचं भरत हुती. "वय? आदीचं काय ऑपरेशन? शेवटची पाळी?"

आत्ती म्हनाल्या, "हाय की, लिहिलंय की त्यात."

सिस्टर म्हनाली, "मावशी, तुमाला न्हाई इचारलं. तुमची पाळी जाऊन किती वर्सं झाली?" समोरची पोरगी रडता रडता फिसकन हसली.

आनि मी बोलले. मागावर बोलत्यात तसं बोलले. "ती तारीख खोटी हाय. त्येच्या नंतर एक म्हैन्यानं मला पाळी आलीवती. वाडीला गेलो त्या दिवशी. मी सांगितलं न्हाई. सोनोग्राफीच्या पयल्या कागदावर खरी तारीख हाय, बघा. बाळाला आठवाच चालू हाय. आनि ही सही माझी न्हवं."

मामा दारातनं पाठमोरं झालं. मालक भिंतीला टेकलं. एवढ्या लोकांत, सासऱ्याम्होरं, मी माझ्या पाळीचं बोलले. ती लाज अजून अंगावर काटा आनते. का बोलायला लागलं मला? तारीख फायलीत हुती. एक पान उलटलं असतं कुनी तर मला माझं असं सगळ्यांम्होरं उघडं करायला लागलं नसतं.

आत्तींचा चेहरा पांढरा फट. "म्हंजी तू... त्या हातानं... देवाला?"

"व्हय, त्याच हातानं."

"अगं सत्यानाशे, म्हनूनच हे मूळ आलं आमच्या मागं!"

मग मात्र मला काय झालं कळलं न्हाई. मी म्हटलं, "आत्ती, जरा बोटं मोजा. वाडीला जाऊन आले त्येच्या मागनं दिवस गेलं मला. आदी न्हाई. अडचनीत गेले तरी देवानं ओटी भरली. देवानं धरलं न्हाई ते तुमी का धरताय?"

आत्ती खरंच बोटं मोजायला लागल्या हुत्या, मी बघितलं.

त्या सिस्टरनं फायल चाळून पयला कागद काढला, बघितला. पेन घेतलं आनि फायलीत लिहिलं, मी जे बोलले ते सगळं. पेशंट तारीख चुकीची सांगते, पेशंट ऑपरेशनला नको म्हनते, सही आपली न्हाई म्हनते. येळ घातली. मग पेन माझ्या हातात दिलं. "वाचा आनि करा सही." सलाईनचा हात उजवाच, त्यामुळं अक्षर वाकडं आलं, पन माझं आलं. नंतर ती हळूच म्हनाली, "आता लिहिलंय, आता मॅडमना बघायलाच लागनार." म्हंजी मी बोललेलं कुनी बघितलं नसतं. लिहिल्यावर बघायला लागतंय.

बाई आल्या. कागद बघितला, लिहिलेलं बघितलं. मला सॉरी म्हनल्या न्हाईत. मालकांकडं वळून म्हनाल्या, "तुमच्या मिसेसनी माहिती लपवली. असं केल्यावर आम्ही काय करणार? आता थांबूया."

माहिती मी लपवली! तो कागद मी लपवला न्हवता, त्येंच्याच फायलीत त्येंच्याच हातानं लावलेला. आनि पानी कमी झालं म्हनून खोटं कुनी लिहिलं? मला इचारायचं हुतं. पन बाई गेल्या हुत्या, नऊ-वीस व्हायला आलते, समोरच्या पोरीला ढकलत आत नेत हुते. ती दारापतूर माझ्याकडं बघत गेली. तिच्या तारखा बरोबर असू देत, मी एवढंच म्हटलं.

त्याच गाडीनं आमी माघारी निघालो. इचलकरंजी फाट्याला मी म्हटलं, मला कबनूरला सोडा. मालकांनी गाडी वळवली. आत्ती म्हनाल्या, "जाऊ दे. बाळंतपन आईकडंच असतंय." बगा, कसं झाकून घेतलं.

पाच आठवड्यांनी सरकारी दवाखान्यात पोरगी झाली, टाका न लावता, अडीच किलोच्या वर. ती रडली तवा मी तिच्या छातीकडंच बघत हुते, आत जातीय का बाहेर येतीय. नीट वर-खाली हुत हुती. तितल्या डॉक्टरनं बघून सांगितलं, "पूर्ण दिवसांचं बाळ आहे." मी आईला म्हटलं, ऐकलंस न्हवं, पूर्ण दिवसांचं.

आत्तींचा फोन, "जन्माची येळ सांग, बुवांना दाखवायची हाय." आईनं सांगितलं, "इथं घड्याळ बंद पडलंतं बाई." आई अशी खोटं बोलत न्हाई कवा.

मालक दर ऐतवारी येत्यात. पोरीला उचलत्यात, फ्रॉक आनत्यात, टोपडी आनत्यात. मानूस वाईट न्हाई. पन ते मला न्यायला आलं त्या ऐतवारी मी सांगितलं, "मी येते घरला. पन तो कागद आना, ज्येच्यावर तुमी माझं नाव लिहिलं. त्येची झेरॉक्स मला पायजे."

"अगं, झालं की सगळं बरं. कशाला उकरतीस?"

"तुमी का केली माझी सही?"

"तितल्या मानसानं सांगितलं, दोघांची तुमीच करा, एकच असतंय. मी केली. तुला काय वाईट व्हावं म्हनून केली व्हय?"

"माझी करताना तुमचा हात थांबला न्हाई?"

ते पोरीच्या टाळूवर फुंकर मारत बसलं.

दोन ऐतवार हात हलवत आलं. मी चहा केला, जेवायला वाढलं, पन पिशवी भरली न्हाई. तिसऱ्या ऐतवारी म्हनालं, "गेलतो दवाखान्यात. देत न्हाईत."

"का?"

मान खाली घालून म्हनालं, "पेशंटचे कागद नवऱ्याला देत न्हाईत म्हनं. पेशंटनं स्वतः अर्ज करायचा. पेशंटची स्वतःची सही लागते."

मला हसू आलं आनि हसताना डोळ्यात पानी आलं, आई आतनं धावत आली, काय झालं काय झालं म्हनून. पोट फाडायला माझी सही लागली न्हाई. कागद द्यायला लागतीया.

मी धाकट्या बहिनीच्या वहीतलं पान फाडलं. अर्ज कसा लिहायचा ते आठवीत शिकवलंतं, मायना, विषय, सगळं. विषयाच्या म्होरं काय लिहावं ते कळंना, मग साधं लिहिलं, 'माझ्या बाळंतपनाच्या फायलीतले सगळे कागद मिळनेबाबत.' खाली पुरं नाव घातलं आनि सही केली, सावकाश.

मालक हात पुढं करून म्हनालं, "दे, उद्या मी देतो नेऊन."

"नको," मी म्हटलं, "तुमी गाडी आना. पोरीला घेऊन मीच जाते."